इळ्याचं तेल अन् डिस्क ब्रेक

मी सुजाता. मेडशीपासून आत गेलं की आमचं गाव लागते, गाव म्हणजे विहाराच्या आजूबाजूनं आमची वस्ती अन् पुढं सारं सोयाबीन अन् तूर. मी बी.ए. हाय, भूगोल घेऊन, आमच्या तालुक्याच्या मालेगावले एस.टी.नं जाऊन-येऊन केलं, आमच्या खानदानात मी पहिली, अन् हे मी पयलेच सांगून ठेवते, काहून की लोक मले जीपच्या स्टेअरिंगवर पाहतात अन् समजतात का पोरीनं शाळा सोडलेली दिसते. शाळा नाई सोडली. मले पुस्तकातली भाषा येते, भाऊ, साऱ्या परीक्षा मी त्याच भाषेत लिहिल्या, पण घरातली गोष्ट घरातल्या बोलीतच निघते, तवा तुमी लिहून घेऊन राह्यले तर तशीच घ्या, सुधरवत नका बसू.

माह्या मायचं नाव गयाबाई. ती शाळेत गेली नाई. तिचं शिक्षण म्हणजे इळा, तुमच्या पुस्तकातला विळा. बायाइची टोळी हाय तिची, निंदण असो, सोंगणी-कापणी असो, कापूस वेचणं असो, कोणाच्या वावरात किती बाया लागतात ते शेतकरी मायले सांगते अन् माय बाया जमवते. आजूबाजूच्या गावात कोणालेही इचारा, गयाबाईची टोळी म्हणलं की काम नीट होते, धुऱ्या-बांधाच्या कडेचं गवतही राहत नाई. मी कॉलेजात गेली ते त्याच इळ्यावर. हे मी कॉलेजात कोणाले सांगत नव्हती, कोणी इचारलं तर म्हणो आमची शेती हाय. शेती होती, पण दुसऱ्याची.

बाबाची जीप होती. जुनी, माह्यापेक्षा वयानं मोठी, छत कापडाचं, मागं दोन्हीकडून लांब बाकडं. बाबा मेडशी ते मालेगाव सवारी मारो, बाजाराच्या दिवशी तर लोक मागं लटकत. बाबा गेले, गाडी दोन पावसाळे लिंबाखाली उभी राह्यली, त्यात कोंबड्या अंडे देत. माहे फॉर्म भरणं चालू होतं, या खात्याचा, त्या खात्याचा, अन् काय सांगू तुम्हाले, फॉर्म भरता भरता एक दिवस मीच म्हणलं का ह्या बाया रोज दुसऱ्याच्या ऑटोत कोंबून जातात, आपली गाडी घरी अंडे देऊन राह्यली, मीच काहून नाई चालवत. माय लय खुश झाली. तिनं साऱ्या टोळीले सांगतलं, आता माही सुजाता नेईन आपल्याले, शिकेल पोरगी हाय, अडाणी डायवरावानी नाई चालवणार. बाया बसल्या त्या मायच्या शब्दावर. हे ध्यानात ठेवा, माह्या बी.ए.वर कोणी नाई बसलं.

पण त्या जीपचे ब्रेक. जुन्या जीपले चारही चाकाले ड्रम ब्रेक राह्यतात, म्हणजे चाकाच्या आत एक लोखंडी डब्बा, त्या डब्ब्यात दोन पट्टे, पाय दाबला की पट्टे फाकतात अन् डब्ब्याले आतून घासतात. सारं झाकलेलं, बाहेरून काही दिसत नाई. नाल्यातून गाडी काढली की डब्ब्यात पाणी जाते, मंग पट्टे ओले, मंग पाय कितीही दाब, गाडी आपली चालतेच. बाबाले सवय होती, नाला ओलांडला की ब्रेकवर पाय ठेवूनच थोडी दूर गाडी चालवे, डब्बा सुकवे. मलेही तसंच शिकवलं होतं. पण मांगच्या निंदणाच्या टायमाले एक दिवस पाणी लय होतं, मी सुकवलं म्हणून समजली, अन् उतारावर एस.टी. उभी होती, तिच्या मागच्या बंपरपर्यंत माही गाडी जाऊन थांबली, एवढ्यात थांबली का एस.टी.वरची धूळ बोटानं पुसता आली असती. मागं बायाइनं बोंब मारली. शेवंता मावशी, तिची जागा मागच्या फळकुटाजवळची, ती उतरून मायले म्हणते, गयाबाई, पोरगी तुही शिकेल हाय पण गाडी अडाणी हाय व.

ते मले लागलं. मोबाइलवर पाहू पाहू मी सारं शिकली, डिस्क ब्रेक काय, ड्रम काहून खराब, जुन्या जीपले डिस्क बसते का नाई. बसते. मालेगावच्या हनीफभाईकडे गेली. हनीफभाई म्हणजे तोंडात पान अन् पानापेक्षा जास्त गप्पा, म्हणे बेटी, इस तालुके में किसीने नहीं बिठाया, मैं बिठाके दिखाता. म्हणे मागचे ड्रम राहू दे, पुढच्या दोन चाकाले डिस्क लावू, ब्रेक मारला की वजन सारं पुढंच येते. कारंज्याच्या भंगारवाल्याकडून एका नव्या गाडीचं पुढचं सामान आणलं, जुना डब्बा काढला, नवा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, बसवला, त्याच्यावर चकती, चकतीले दोन्हीकडून धरणारा चिमटा, त्याले कॅलिपर म्हणतात, अन् पायाले जोर कमी लागावा म्हणून वर बूस्टर. मी तिथंच उभी राहून पाह्यलं. एका ठिकाणी हनीफभाईनं पाइप उलट्या अंगानं नेला, तो टायरले घासला असता, ते मी दाखवलं, तर म्हणे अरे वा, मास्टरीनबाई. मले बरं वाटलं. खोटं कायले बोलू, लय बरं वाटलं.

गावात आणली गाडी. सकाळी विहारासमोर साऱ्या टोळीले उभं केलं अन् मी भाषणच दिलं. पाहा म्हणलं, आता झाकलेलं काही नाई, चकती उघडी हाय, पाणी लागलं तरी फिरता फिरता उडून जाते, हे दोन पॅड, हे चकतीले असे चिमट्यात धरतात. बाया वाकू वाकू पाहत होत्या. शेवंता मावशी म्हणे, म्हणजे सांडशीनं भाताचा गरम गंज धरतो तसं. हो म्हणलं, तसंच. सारे हसले. माय मागं उभी होती, साऱ्या बाया पाहून झाल्यावर तिनं म्हणलं, मले दाखव न व सुजाता, आतून कसं हाय, मी नीट नाई पाह्यलं. अन् मी, घाई होती, वावरवाल्याचा फोन येऊन राह्यला होता, मी म्हणलं, तुले काय समजते माय त्यातलं, तू बाया मोज. माय हसली अन् बाया मोजायले गेली.

भाऊ, मी साऱ्या बायाइले समजावून सांगतलं. मायले नाई सांगतलं. घरचीच होती ना.

मंग सोयाबीनची सोंगणी आली. तुमी पाह्यलं असंल, सोंगणीच्या दिवसात बाया इळ्याले किती जपतात. वावरातून आलं का माय पयले इळा धुते, पुसते, अन् करडीच्या तेलाचं फडकं फिरवते, मंग दाराच्या वरच्या कोनाड्यात ठेवते. लोखंड उघडं अन् ओलं राह्यलं तर सकाळी लाल होते, लाल इळ्यानं सोयाबीन तुटत नाई, हात सोलते. माह्या जन्माच्या आधीपासून ती हे करते. कोनाड्याजवळ गेलं की तो वास येतेच, करडीचं तेल अन् लोखंड, आमच्या घराचा वासच तो.

एक दिवस चिखलात गाडी लय भरली, मी हापशीवर नेऊन धुतली अन् आणून लावली, चाक वळवून. चाक वळवलं का आतल्या अंगानं ती चकती पुरी उघडी दिसते. रातभर ओली राह्यली. सकाळी चकतीवर लाल थर. आता हे मले माहीत होतं, मोबाइलवर पाह्यलं होतं, का डिस्क एका रातीत लाल होते अन् पयल्या दोन ब्रेकात घासून साफ होते, त्याले काही करायचं नसते. मी आंघोळीले गेली. माय झाडून काढत होती, तिनं ते लाल पाह्यलं. पोरीनं एवढ्या हौसेनं लावलेलं सामान, अन् गंजून राह्यलं. बाकी तुमी समजलेच असाल. दोन्ही चाकाचं केलं तिनं, आतून बाहेरून, दाबून दाबून, गंज जायेपर्यंत. मले सांगतलंही नाई, सांगायसारखं काय त्यात, मी तिचे इळे पाजवले असते तर मी सांगतलं असतं का.

निघालो. सपाटीवर ब्रेक मले जरासा ढिला वाटला, मी म्हणलं नवे पॅड हाय, बसायले वेळ लागते. मागचे ड्रम होतेच, हळू चालवलं तर थांबे गाडी. बाया सोंगणीच्या गप्पात. मंग तो जऊळक्याकडचा उतार आला, खाली पूल, अन् पुलावर समोरून ट्रॅक्टर, ट्रॉलीत कुटार, सोयाबीनचा भुसा, भरलेलं, पूल तर एकाच गाडीचा. मी पाय दाबला. पाय कडक लागला, फरशीवर दाबावं तसा, अन् गाडी चाललीच. पुन्हा दाबला. मागचे चाकं ओरडून राह्यले, गाडी वाकडी होऊन राह्यली, थांबत नाई. मायचा आवाज आला, सुजाता. एवढाच. मी हातब्रेक ओढला अन् स्टेअरिंग तुरीत घातलं. तूर छातीएवढी होती, खाली काळी ओली माती, गाडी तूर मोडत मोडत आत गेली अन् फसून उभी राह्यली. बाया एकमेकीवर. कोणाचे डबे कोणाच्या अंगावर, वरण सांडलेलं, कोणी रडून राह्यलं, कोणी हसून राह्यलं, भीतीनं हसू येते तसं. शेवंता मावशी फळकुटावरून खाली पडली होती, तिचं मनगट. हात धरून बसली, ओरडली नाई, नुसतं म्हणे, मोडला वाटते बाप्पा.

तिले दवाखान्यात नेलं, प्लास्टर झालं. अन् दुसऱ्या दिवशी मी गाडी हळूहळू मालेगावले नेली, माय शेजारी बसलेली, मी येऊ नको म्हणलं होतं, ती आली. अन् हनीफभाईच्या दुकानात, भाऊ, मी जे बोलली. गिऱ्हाईक उभे होते चार लोक, त्याइच्यासमोर. माणसं मारता का म्हणलं, भंगार बसवता अन् मोठ्या गप्पा मारता, मी शिकलेली हाय, मी तक्रार करीन. हनीफभाईनं पान थुंकलं अन् चाक काढलं. चकतीवर बोट फिरवलं. चिकट. म्हणे ब्रेक ऑइल तो नहीं है, ये चिकना है, हबचं ग्रीस निघालं असंल. म्हणे मेरेसेच ज्यादा भर गया होगा बेटी, गलती हुई, सब नया डालके देता. बोट पुसायले त्यानं फडकं मांगलं, ते माह्या हाताजवळ होतं, मी दिलं, अन् त्याच्या बोटाचा वास मले आला.

करडीचं तेल. अन् लोखंड.

मले तवाच समजलं सारं. तिथं दुसऱ्या कोणालेच समजलं नाई. माय टायरच्या ढिगावर बसली होती, मी तिच्याकडे पाह्यलं, अन् डोळ्यानं म्हणलं का चूप राहा. ती समजली नाई. तिले तर अजून हेही माहीत नव्हतं का तेलानं काय होते. ती उठून जवळ आली, म्हणे, भाऊ, तेल लागलं तर काय होते थ्या ताटलीले? हनीफभाई म्हणे, तेल लगा तो ब्रेक खतम मावशी, साबणाच्या हातानं गिलास धरल्यासारखं. मायनं चकतीकडे पाह्यलं. मंग म्हणे, मंग तुमची चूक नाई. मीच लावलं. लाल झालं होतं, मी इळ्याले लावतो तसं लावलं, दोन्हीइले.

गिऱ्हाईकातले दोघं खो खो हसले. एक म्हणे, मावशी, इंजिनले बी तिखट-मीठ घालून पाहाचं ना. हनीफभाई नाई हसला. अन् मी काय केलं असंल? मी त्याले, त्या गिऱ्हाईकाइले, शुद्ध भाषेत म्हणलं, यांना यातलं काही समजत नाही हो. यांना. जशी कोणी रस्त्यानं चाललेली बाई गाडीत बसवून आणली. मायनं माह्या तोंडाकडे पाह्यलं. ती भाषा तिनंच शिकवली मले, तिच्या मजुरीनं, अन् ती पयल्यांदा मी तिच्यावर चालवली. मंग ती परत टायरवर जाऊन बसली अन् हनीफभाईनं चकत्या पेट्रोलनं धुवून पॉलिशपेपरनं घासेपर्यंत, पॅड बदलेपर्यंत, ती तिथंच बसून राह्यली. मी हनीफभाईची माफी मांगतली. त्यानं हात जोडले, म्हणे छोड बेटी. मायची मी नाई मांगतली. मायची माफी मांगायची असते हे तवा डोक्यातच नव्हतं.

घरी आलो अन् माय म्हणे, उद्या बायाइले सांगतो. मी म्हणलं काय सांगतेस? म्हणे, जे झालं ते. मी म्हणलं, माय, येडी झाली का, टोळी तुह्या शब्दावर चालते, तूच गाडीचा ब्रेक घालवला म्हणून सांगशीन तर उद्यापासून एक बाई बसणार नाई, ना गाडीत ना तुह्या टोळीत. दुसऱ्या टोळीवाल्या टपूनच बसल्या हायत. मिस्त्रीचं काम कच्चं होतं म्हणून सांगू, तो मालेगावात हाय, त्याले काय फरक पडते. माय म्हणे, त्याच्या पोटावर कायले पाय देतं? अन् शेवंताचा हात मोडला, तिले खोटं सांगू? मी चिडली. मी म्हणलं, हसतील ना माय, बी.ए. झालेल्या पोरीच्या घरी हे माहीत नव्हतं म्हणतील. माय भाकरी थापून राह्यली होती. तिचा हात थांबला. म्हणे, तुले माही लाज वाटते का व सुजाता?

मी नाई म्हणलं. पण म्हणायले उशीर केला, भाऊ. तेवढा उशीर पुरे होते. तिनं भाकरी तव्यावर टाकली अन् पुन्हा तो विषय नाई काढला.

सकाळी विहारासमोर साऱ्या बाया जमल्या, शेवंता मावशीही, गळ्यात हात बांधून, कामाले जायचं नव्हतं तरी आली, काय होते ते पाहायले. माय मधात उभी राह्यली. मी गाडीजवळ. मायनं सारं सांगतलं. काही लपवलं नाई, माही बाजूही लपवली नाई, पण वेगळ्या अंगानं. म्हणे, पोरीले दोष नोका देऊ, थिनं मले सांगतलं होतं हात नोको लावू म्हणून, मीच आयकलं नाई. म्हणजे तिनं तिथं एकच खोटं बोललं, अन् तेही माह्यासाठी. मी सांगतलं नव्हतं. मी तर तिले दाखवलंही नव्हतं. मी तोंड उघडायले पाह्यजे होतं, पण काय सांगू तुम्हाले, माह्या तोंडातून आवाजच निघेना, वक्तृत्वात बक्षीस मिळवलेलं तोंड ते.

मंग शेवंता मावशी म्हणे, गयाबाई, तेल तू चुकीच्या जागी लावलं व, ह्या पोरीच्या डोक्याले लावाचं होतं, थे लय गरम राह्यते. बाया फुटल्या हसायले. मायही हसली, डोळे पुसत. मीही हसली असंल, मले आठवत नाई. मंग मावशी माह्याजवळ आली, हळूच म्हणे, मायनं सांगतलं म्हणून बसतो आमी. तू सांगतलं असतं ना, मिस्त्रीचं नाव, तर नसतो बसलो, आमच्या पोटात शंका राह्यली असती. तिले कसं समजलं का मी तसं सांगणार होती, माहीत नाई. चेहऱ्यावर दिसलं असंल.

साऱ्या नाई आल्या. काही बाया दुसऱ्या टोळीच्या ऑटोत जाऊ लागल्या, त्याइच्या घरच्याइनं नाई म्हणलं, मी त्याइले दोष नाई देत. बाकीच्या आल्या, त्याच दिवशी आल्या, अन् आता हरभरा निघून राह्यला तरी येतात. गेलेल्यातल्या दोघी-तिघी परत आल्या. शेवंता मावशीचा हात बसला, पण थंडीत दुखते म्हणते, तिच्या पातीवर, म्हणजे तिच्या वाट्याच्या ओळीवर, मायच हात लावू लागते. टोळी टिकली. गाडी एकदम चांगली थांबते, मी उगाच नाई म्हणत, तुमी बसून पाहा.

नंतर एका सुट्टीच्या दिवशी मी चाक काढलं अन् मायले बोलावलं. सारं दाखवलं, चकती, पॅड, कॅलिपर, तो लाल थर काहून येते अन् कसा जाते, तेल काहून नाई चालत. तिनं पदर खोचून, उकिडवं बसून, नीट आयकलं. दोन-तीन गोष्टी इचारल्या, चांगल्या इचारल्या, धूळ बसली तर चालते का, पाण्यानं पुसलं तर चालते का. मी म्हणलं माय, हात लावून पाहा ना, कोरडी हाय. तिनं हात मागंच ठेवले. समजलं म्हणे. उठली अन् चुलीकडे गेली. त्या दिवशी मी तिले सारं म्हणणार होती, त्या 'यांना'बद्दल, विहारासमोरच्या तिच्या त्या खोट्याबद्दल. नाई म्हणलं. आता तुम्हाले म्हणून राह्यली अन् तुमी लिहून राह्यले, तर छापलं का तिले मी वाचून दाखवीन, म्हणजे म्हणायचं राहणार नाई.

आधी माय गाडीत चढताना पुढच्या चाकावर हात टेकवून चढे, तिचे गुडघे दुखतात. आता नाई टेकवत. दुसऱ्या अंगानं फिरून जाते, कोणा बाईले हात मांगते, मागून चढते. म्हणलं तर म्हणे, मले मागंच बरं वाटते. आज सकाळचीच गोष्ट, घाईत तिचा तोल गेला अन् हात गेलाच चाकावर. तिनं चटका बसल्यासारखा मागं ओढला, लुगड्याले पुसला, अन् साऱ्या बायाइसमोर मले इचारलं, सुजाता, माह्या हाताचं त्याले लागलं तर नाई ना व काही?

मी म्हणलं नाई माय, बस तू. अन् तिले नीट बसू दिलं, मंगच गाडी काढली.